मधला बांध

कंपनीच्या माणसांनी सगळ्या खोऱ्यातून रखमाजीचंच भाताचं खाचर का निवडलं, यावर वाडीत बरेच दिवस चर्चा चालली. आपण भले म्हणून, असं रखमाजीचं म्हणणं. खरं कारण साधं होतं. मार्गासनीकडून वर येणारी पायवाट त्या खाचराच्या उशालाच लागून जात होती आणि बाजार करून परतणारा प्रत्येक जण ओझं खाली ठेवून तिथं चार घटका टेकायचा. कंपनीला पीक नको होतं, बघणारे हवे होते.

कंपनी मुंबईची, खताची. तिचं खत पांढरं, दाणेदार, मिठासारखं. नुसतं खत विकायला आणलं असतं तर या डोंगरातल्या माणसांनी ते बैलालासुद्धा चाटू दिलं नसतं. हे कंपनीलाही ठाऊक होतं. म्हणून आधी लोकांना शास्त्र शिकवायचं, डोळ्यांनी दाखवायचं, मग विकायचं, असा तिचा रीतसर बेत होता. त्यात तिचा स्वार्थ होता हे उघडच आहे. पण तिचा जो माणूस शिकवायला यायचा तो मनापासून शिकवायचा, हेही कबूल केलं पाहिजे. आठल्ये साहेब म्हणायचे त्यांना. किडकिडीत, काळा कोट, हातात छत्री. घोंगडीवर मांडी घालून बसायचे आणि मिळेल ते जेवायचे.

वैशाखात साहेबांनी भैरोबाच्या देवळासमोर धोतर ताणून बांधलं आणि त्यावर दिव्याच्या पेटीतून चित्रं पाडली. भाताचं मूळ अजगराएवढं दिसलं. पोरं किंचाळली, म्हातारी माणसं खोकायची थांबली. रोप खातं काय, पितं काय, हवेतून काय घेतं, जमिनीतून काय ओढतं, सगळं साहेबांनी समजावून सांगितलं. मग मुख्य गोष्ट सांगितली. एका खाचराचे दोन भाग करायचे, मधे बांध घालायचा, एका भागाला कंपनीचं खत द्यायचं आणि दुसऱ्याला काही म्हणजे काही द्यायचं नाही. सुगीला दोन्ही सगळ्यांसमोर मोजायचे. आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, म्हणाले, तुमच्या डोळ्यांवर ठेवा.

हे सगळ्या वाडीनं ऐकलं. ज्या बाईच्या शेतात हे व्हायचं होतं तिनं तेवढं ऐकलं नाही. रखमाजीची बायको साळूबाई त्या वेळी चुलीपुढं होती. साहेब, त्यांचे दोन गडी, गाडीवान, शिवाय घरची माणसं. भाकऱ्यांची चळत लागायला हवी होती. देवळाकडून हसू ऐकू यायचं, मग सामसूम, मग पुन्हा हसू. एकदा ती पिठाचे हात घेऊन दारापर्यंत गेली, तर तव्यावरची भाकरी करपली. मग पुन्हा उठली नाही.

तिचा कुंडलिक मात्र अगदी पुढं बसला होता. एकुलता एक, मिसरूड फुटलेला, सातवी पास. आता वाडीत सातवी पास होऊन करायचं काय, हा प्रश्नच होता. दाव्याला बैल बांधताना व्याकरण लागत नाही. खेळ आटोपला तेव्हा वरच्या वाड्यातले दोन म्हातारे धनगर येऊन पोचले आणि सगळं हुकलं म्हणून हळहळले. कुंडलिकनं त्यांना ओट्यावर बसवलं आणि विझलेल्या धोतरासमोर सगळं पहिल्यापासून सांगितलं. पण त्यांच्या भाषेत. मूळ म्हणजे कोकराचं तोंड, आणि जमीन म्हणजे मेंढीची कास. कास आटली तर कोकरू ढुशा देऊन काय करणार? धनगर माना डोलावत राहिले. साहेब हात धुवायचे थांबून ऐकत होते.

जेवताना ते रखमाजीला म्हणाले, "हा माझ्यापेक्षा चांगलं सांगतो."

मग त्यांनी शब्द दिला. प्रयोग नीट तडीला गेला, तर सुगी झाल्यावर कुंडलिकला कंपनीच्या पुण्याच्या वर्गात घ्यायचं. वर्षभर शिकवायचं आणि मग दिव्याची पेटी देऊन गावोगाव धाडायचं. भोरपासून पार सारोळ्याच्या पुलापर्यंत तोच सांगणार, लोक ऐकणार.

साळूबाई वाढता वाढता थांबली. तिच्या डोळ्यांसमोर पोरगं उभं राहिलं, पेटीमागं, आणि समोर गप्प बसलेली माणसं. तिला या सगळ्या शास्त्रातलं एवढंच कळलं, की पीक चांगलं आलं की कुंडलिक पुण्याला जाणार.

पाऊस लागला. पालापाचोळा जाळून राब झाला होता, रोपं वर आली, चिखलणी झाली. लावणीला घरचे तिघं आणि शेजारची चंद्राबाई. पाठीवर पानांची इरली, गुडघ्याएवढ्या चिखलात वाकून दिवस दिवस. कुंडलिकनं खाचराच्या मधोमध बांध घातला आणि हातानं लिंपून गुळगुळीत केला. पायवाटेकडच्या अर्ध्यात त्यानं पांढरं खत फेकलं, ओंजळीतला एक दाणा पलीकडं जाऊ न देता. पलीकडच्या अर्ध्यात काय घालायचं, असं साळूबाईनं विचारलं.

"तिकडं काय घालायचं न्हाई."

"शेण बी न्हाई?"

"न्हाई म्हन्लं ना आये. साहेबांनी सांगितलंय." आणि तो पायवाटेवर थांबलेल्या कुणाला तरी समजावून सांगायला धावला.

हा त्याचा रोजचा उद्योग झाला. वाटसरू थांबला की कुंडलिक हजर. नसरापूरच्या बाजाराला जाणाऱ्या बुरुडाला सांगितलं, तालमीतल्या पोरांना सांगितलं, पाटलाच्या पाहुण्याला तर इतकं सांगितलं की तो पुढच्या खेपेला वाट वाकडी करून गेला. सगळ्या दुनियेला सांगितलं. आईला सांगायचं राहिलं. घरच्या माणसाला कोण काय समजावतं? ती तर घरचीच.

श्रावणापर्यंत खाचराचे रंग फुटले. पायवाटेकडचं भात काळंभोर, फुटव्यांनी गच्च. पलीकडचं पिवळं, विरळ, कानकोंडं. मधे वीतभर बांध. साळूबाई तण बेणायला उतरली की आधी तिची नजर पिवळ्याकडं जायची. एकाच दिवशी, एकाच मुठीतली रोपं तिनं स्वतः दोन्हीकडं लावली होती.

चंद्राबाई चेष्टेनं म्हणाली, एकाच पंगतीत एकाला तूप आणि एकाला ताकसुद्धा नाही, हे कुठलं गं तुझ्या घरचं वाढणं? साळूबाई हसली, पण ते तिला लागलं. पंगतीत दुजाभाव करणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात, ते तिला ठाऊक होतं. तिनं रखमाजीला विचारून बघितलं. रखमाजीनं तंबाखू मळत सांगितलं, कंपनीचा हुकूम आहे, आपल्याला काय करायचंय.

तिला काय करायचं होतं ते रखमाजीला कळणारं नव्हतं. मानमोडीच्या सालात, तापानं घरोघर माणसं जात होती आणि वर पावसानं डोळे वटारले होते, तेव्हा साळूबाईला जुळं झालं होतं. कुंडलिक आणि सावळा. अंगात ताप, पोटात नाचणीची पेज, तीही एक वेळ. दूध एकाचं होतं. सुईण जुनी बाई होती. ती म्हणाली, दोघांना अर्धं अर्धं पाजशील तर दोन्ही जातील, एक धर. साळूबाईनं कुंडलिकला धरलं. का, तर तो जोरात रडत होता. सावळा गरीब होता. तो नुसता बघायचा. काळाभोर कुंडलिक एका मांडीवर आणि पिवळा पडत चाललेला सावळा दुसऱ्या मांडीवर, अशी ती किती दिवस बसली होती, ते तिलाच माहीत. पुढं तिला मूल झालं नाही. सावळा तापानं गेला, असंच सगळे धरून चालले. कुंडलिकलाही तेवढंच ठाऊक होतं.

आता रोज बांधावर उभं राहिलं की तेच दोन रंग. बाईनं करावं तरी काय?

कुंडलिकनं दुसऱ्यांदा खत फेकलं आणि मधला बांध नीट बघून तो साहेबांना भेटायला नसरापूरला गेला. रखमाजी वरच्या नाचणीत होता. पावसानं उघडीप दिली होती. साळूबाई बेणत बेणत बांधापाशी आली, इकडंतिकडं बघितलं, आणि हातानं बांधाला एक मोरी पाडली. मुठीएवढी. काळ्या अर्ध्यातलं खताचं पाणी पिवळ्यात शिरलं. आवाज करीत शिरलं. ती तिथंच चिखलात बसून राहिली आणि तिला रडू आलं. वाईट वाटून नव्हे. फार वर्षांनी तिला बरं वाटत होतं.

दिवस कलायच्या आत तिनं मोरी बुजवली. पण एकदा हात लागला की राहवतं होय? पुढं जेव्हा जेव्हा ती एकटी असायची तेव्हा तेव्हा मोरी उघडायची. यात चोरी आहे असं तिला वाटलं नाही. उलट तिचा हिशेब सरळ होता: अर्धं शेत पिकवून साहेब पोराला पुण्याला नेणार, तर अख्खं पिकल्यावर डोक्यावर घेऊन नाचतील. न विचारता केलं, एवढंच. विचारलं असतं तर पोरगं नाही म्हणालं असतं. नियमाला भिणारं होतं ते.

पिवळं भात हिरवं झालं. काळ्याची काळोखी उतरली. दोन्ही एकसारखी दिसायला लागली आणि कुंडलिकचा चेहरा उतरला. त्याला आधी खेकड्यांचा संशय आला. खाचरातले खेकडे बांध पोखरतात, हे पोराटोरांनाही ठाऊक. तो इरलं घेऊन पावसात बांधावर बसायला लागला. प्रत्येक बीळ चाचपायचं, दगड ठोकायचा, वर चिखल थापायचा. पायांच्या बेचक्या चिखल्यांनी सडल्या. चालताना पाय टाकवेना. साळूबाई रात्री त्याच्या बोटांत तेल-हळद भरायची आणि म्हणायची, एवढं का जिवाला लावून घेतोस, भात तर झ्याक आलंय.

"तेच तर चुकलंय ना आये," तो म्हणायचा आणि कुशीवर वळायचा.

बाजारकरी आता थट्टा करायला थांबू लागले. काय रे मास्तर, म्हणायचे, कंपनीचं खत कुठल्या बाजूला टाकलं होतं म्हणालास? कुंडलिक वाटसरू दिसला की खाली वाकून बेणायचं सोंग करायचा.

सुगीला साहेब आले. बरोबर कंपनीचा एक वरचा माणूस होता. तो कुणाशी बोलत नव्हता. पंचक्रोशीतली माणसं जमली, धनगरही उतरले. खळं सारवून ठेवलं होतं. पायवाटेकडचं अर्धं आधी कापलं, पेंढ्या झोडल्या, भात पाटीपाटीनं मोजलं. मग दुसरं अर्धं. कुंडलिक स्वतः मोजत होता, मोठ्यानं आकडा म्हणत होता, आणि शेवटी शेवटी त्याचा आवाज बसत गेला. दोन्ही राशी शेजारी शेजारी पडल्या. फरक सुपाएवढासुद्धा नव्हता.

आधी एकजण हसला, मग सगळे. कुणी म्हणालं, मीठच होतं ते. कुणी म्हणालं, मग आमटीत तरी घालायचं. वरचा माणूस उठून सावलीत गेला. आठल्ये साहेब रागावले नाहीत. ते मधल्या बांधावरनं हळूहळू चालत गेले, एका जागी बसले आणि नखानं माती उकरली. जुन्या लिंपणात नवा चिखल, त्यावर पुन्हा नवा चिखल.

"बांध फुटत होता कुंडलिक," ते म्हणाले. "खेकड्यांनी म्हण, कशानंही म्हण. तू राखला नाहीस."

कुंडलिक त्या जागेकडं बघत राहिला. तिथं खेकड्याचं बीळ कधीच नव्हतं. त्या लिंपणावर बोटं उमटलेली होती, बाईमाणसाची, बारीक. त्यानं ती ओळखली असणार. तो म्हणाला, "व्हय साहेब. चुकलं माजं."

साळूबाई भाकऱ्यांची दुरडी घेऊन खळ्याच्या कडेला उभी होती. राशी एकसारख्या पडल्या तेव्हा मनातल्या मनात तिनं भैरोबाला हात जोडले होते. मग लोक हसले. का हसले, ते तिला कळेना. पण पोरानं मान खाली घातली ते मात्र तिला कळलं. तिनं दुरडी खाली ठेवली आणि डोईवरचा पदर सारखा करीत चारचौघांत, पुरुषांच्या गर्दीत पुढं आली. जन्मात असं कधी केलं नव्हतं.

"त्यानं राखला साहेब. त्याचे पाय बगा. म्याच पानी सोडलं."

साहेबांनी विचारलं, का? ती म्हणाली, ते उपाशी होतं. एवढंच म्हणाली. पुढचं सांगायला तोंड उघडलं, आणि कुंडलिक समोर दिसला, तसं मिटलं.

यात पोराचा दोष नाही, हे साहेबांच्या मनात आलं असावं. ते सावलीतल्या माणसाकडं गेले. तिथं काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. आठल्ये हात हलवून काही सांगत होते, तो नुसती मान हलवत होता. मग तोच माणूस पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. म्हणाला, "ज्याला घरातल्या आईला समजावता आलं नाही, तो गावाला काय समजावणार?"

दुपारी साहेब न जेवताच गेले. भाकऱ्या तशाच राहिल्या. पुण्याच्या वर्गात सारोळ्याचं कुणी पोरगं घेतलं, असं पुढं कानावर आलं.

रखमाजी बायकोशी महिनाभर बोलला नाही. चंद्राबाई यायची, बसायची, तीही काही बोलायची नाही. कुंडलिक मात्र बोलायचा. आई पाणी दे, आई बैल सोडू का, असं. तेच साळूबाईला सोसत नव्हतं. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर तिनं त्या पदरात घेतल्या असत्या. चंद्राबाईचा भाऊ मुंबईला गोदीत होता. त्याच्यासंगं जायचं कुंडलिकनं परस्पर ठरवलं.

जायच्या आदल्या दिवशी दोघं मायलेकरं खाचरात होती. वाल पेरायच्या आधी मधला बांध काढून खाचर पुन्हा एक करायचं होतं. कुंडलिक कुदळीनं खणत होता, ती पाटीनं माती ओढत होती. अर्धा बांध झाला तेव्हा तो थांबला, कुदळ टाकली आणि म्हणाला, "आये, हितं बस. तुला सांगतो."

ती बसली. त्यानं राहिलेल्या बांधाच्या दोन्ही अंगांना एकेक धसकट लावलं आणि सांगायला लागला. घाई नाही, राग नाही.

"बग, माती येकच. पानी येकच. रोप येकच. आपुन फरक फकस्त येक करायचा. मग जे येगळं यील, ते त्या येका फरकानं आलं आसं डोळं झाकून सांगता येतं. दोन्ही सारखं आलं तर कशानं आलं? पावसानं का मातीनं का खतानं? कोन सांगनार?"

"म्हंजी त्याला उपाशी ठिवलं ते त्याच्या वाईटासाटी न्हवं," ती हळू म्हणाली.

"न्हाई गं. समद्यांच्या भल्यासाटी. येका तुकड्यानं येक साल सोसायचं, म्हंजी फुडं खोऱ्यात कुनालाच सोसाय नगं."

साळूबाई त्या धसकटाकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "आन ज्यानं सोसलं, त्याचं काय?"

कुंडलिकनं विचार केला. प्रश्न चांगला होता. साहेबांच्या खेळात हा कुणी विचारला नव्हता. "त्याला फुडच्या साली द्यायचं," तो म्हणाला.

ज्याला पुढचं साल नव्हतं, त्याचं नाव तिच्या अगदी ओठांवर आलं. सांगितलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं. आई अडाणी म्हणून चुकली नाही, हे कळलं असतं. आणि आपण कुणाच्या वाटचं दूध पिऊन वाढलो, तेही कळलं असतं. हे ओझं घेऊन त्याला त्या लांबच्या गावाला कसं धाडायचं? अडाणी तर अडाणी, असं तिनं ठरवलं.

"आता कळलं?" त्यानं विचारलं.

"कळलं," ती म्हणाली. "आदी सांगितलं आसतंस तर न्हवतं केलं रं."

"माजंच चुकलं," तो म्हणाला, आणि पुन्हा कुदळ उचलली.

खरंच कळलं होतं तिला. न कळण्यासारखं त्यानं काही ठेवलंच नव्हतं. कुणालाही कळलं असतं, इतकं सरळ सांगितलं पोरानं. दुसऱ्या दिवशी तो मुंबईला गेला, गोदीत पोती वाहायला.